ती रुंद चाकं

दादाच्या तेरवीला जेवणं आटोपल्यावर माणसं मांडवातच बसून राहिली आणि, अशा वेळी होतं तसं, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघाल्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आरमोरीहून आतल्या गावांकडे त्याने वीस-बावीस वर्षं सवारी जीप चालवली. त्यामुळे गोष्टी पुष्कळ होत्या, आणि बहुतेक चिखलातल्या नाहीतर पाण्यातल्या होत्या. त्यात एका गृहस्थांनी रुंद चाकांची गोष्ट काढली.

"भाऊ मोठा हौशी मानूस," ते म्हणाले. "गाडी उचलली, थे ठीक. पन टायर टाकले असे, का जशा गाद्याच गुंडाळल्या. कोनाचं आयकलं नाई. मंग काय, भर नाल्यात गाडी पोहाले लागली!"

सगळे हसले. मीही हसलो. चूक दुरुस्त करायला तीच वेळ होती आणि मी ती जाऊ दिली. ती चाकं दादाने निवडलेली नव्हती. ती मी निवडली होती. हे कसं झालं ते आता लिहून ठेवतो आहे. सांगायला ज्याची परवानगी घ्यावी असा माणूस राहिलेला नाही, आणि मला घाईही नाही.

ताई आम्हा दोघांच्या मधली. तिला दिलं ते गाव जीपने तासाभराच्या अंतरावर, पण गावाच्या अलीकडे एक नाला आहे. नाला नुसता म्हणायचा. उन्हाळ्यात त्यात म्हैस बसेल एवढंही पाणी नसतं आणि आषाढापासून त्याची नदी होते. त्यावर रपटा होता, म्हणजे पाण्याच्या पातळीलगत बांधलेला बुटका सिमेंटचा पूल. एका पुरात तो मधून वाहून गेला आणि पुढची कित्येक वर्षं दोन्ही काठांना त्याची टोकं तेवढी उरली. पाणी ओसरलं की लोक शेजारच्या उतारावरून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर पार करत. पाणी चढलं की काठावर थांबत. थांबण्याची सगळ्यांना सवय होती.

पहिल्या बाळंतपणासाठी ताईला माहेरी आणताना तिची बंडी अशीच थांबली. सकाळपासून दुपारपर्यंत. दादा आणि मी अलीकडच्या काठावर जीप घेऊन उभे होतो. कळा तिथेच सुरू झाल्या. पलीकडे बायकांनी बंडीभोवती लुगडी धरलेली आम्हाला दिसत होती, पण पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मुलगा होता. तो रडला की नाही हेही आम्हाला या काठावर कळलं नाही. रडला नव्हता, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात दादाने जीप उचलायला काढली.

गाडी उचलणं म्हणजे तिचं अंग चाकांपासून वर नेणं. दादाने कमानीत जास्तीचे पाटे घातले, त्यांना धरणारे जोड लांब करून घेतले आणि जीप चार बोटं का होईना वर आली. जुन्या चाकांवर ती आखूड पायजमा घातलेल्या माणसासारखी दिसायची. लोकांनी चेष्टा केली. एक म्हातारी रोज चढताना म्हणायची, "भाऊ, आता शिडी ठेव गा गाडीसंगं." दादा खाली उतरून तिला हात द्यायचा.

पण काम अर्धंच झालं होतं. पाट्यांनी गाडीचं अंग वर जातं, आस जात नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो तो जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो आणि नाल्यातल्या दगडावर तोच आधी टेकतो. तो वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. हे दादाला ठाऊक होतं. मोठ्या चाकांसाठी त्याला पुढचे दोन पावसाळे थांबावं लागलं. दरम्यान ताईला पुन्हा दिवस गेले.

तिला सातव्यात, ज्येष्ठातच आणायचं ठरलं होतं. तेव्हा तिच्या सासूचा हात मोडला. घरात करणारी दुसरी बाई नव्हती आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायचे होते. ताईनेच निरोप पाठवला, आता येत नाही. मग आठवा लागला. आठव्या महिन्यात बाईने नदी ओलांडू नये, असं आमच्याकडे मानतात. दादा दोन दिवस आईशी वाद घालत होता.

"नाला हाये थो, नदी नाई," तो म्हणाला.

"पानी पाह्य न् मंग सांग नदी हाये का नाला," आई म्हणाली.

आईच्या शब्दापुढे तो कधी गेला नाही. म्हणजे ताईला आणायचं ते नवव्यात, आणि नववा येत होता ऐन श्रावणात. हातात महिना-सव्वा महिना होता. त्यात दादाला चाकं घालून ती रोजच्या फेऱ्यांत तपासून घ्यायची होती.

बल्लारपूरला एका भंगारवाल्याकडे मोठे टायर आल्याचं त्याच्या कानावर आलं. तो मला सोबत घेऊन गेला. मला तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला लागून तीनेक वर्षं झाली होती. दादा सातवीनंतर शाळेत गेला नव्हता. त्याच्या जाण्या-न जाण्याचा माझ्या शिकण्याशी काय संबंध होता ते आमच्या दोघांनाही माहीत होतं. टायरवरचे आकडे वाचायला कोणीतरी हवं, एवढंच कारण त्याने मला सांगितलं.

भंगारवाल्याच्या आवारात टायरांच्या दोन उतरंडी होत्या. एक लष्करी लिलावातून आलेली: उंच, अरुंद, नक्षीचे गट्टे जाड. दुसरी खाणीवर आलेल्या कोणा परदेशी गाडीची: उंची जवळपास तेवढीच, पण रुंदी दहा इंच, म्हणजे पहिल्याच्या मानाने चांगलीच जास्त. दादाने दोन्हींचे एकेक टायर उभे केले, सुतळीने उंची मापली, बगलेवर नख ओढून तडे पाहिले आणि आवारभर गडगडवून ते सरळ जातात का ते बघितलं. भंगारवाला स्टुलावर बसून होता.

"भाऊ, दोन्ही माल एक नंबर. शादी नाई करायची, टायर घेयाचा हाये," तो म्हणाला.

"शादी तं एकडाव पाहून होते," दादा म्हणाला. "हे रोज पाहा लागते."

त्याचा कल अरुंदकडे होता. त्याने मला बाजूला घेतलं. "पातळ चाक चिखल कापून खालची जमीन धरते. बंडीचं चाक पाह्य ना गा. बाप-आज्यापासून पातळच हाये."

मी त्याला समजावलं. मला तो क्षण नीट आठवतो, कारण मी वर्गात बोलतो तसाच बोलत होतो. वजन तेवढंच, पण टेकणारी जागा जास्त, म्हणजे दर इंचाला दाब कमी. दाब कमी म्हणजे चाक रुतणार नाही. मी खिशातून कागद काढून गाडीचं वजन, पंधरा सवाऱ्यांचं वजन आणि चारी चाकांची टेकणारी जागा असा हिशोब मांडून दाखवला. पुस्तकातलं उदाहरणही दिलं: उंटाची पावलं पसरट असतात म्हणून तो वाळूत चालू शकतो.

"आपल्याकडं उंट कुठी हाये?" दादाने विचारलं.

"चिखल तर आहे," मी म्हणालो.

त्याने कागदाकडे पाहिलं. तो त्याला वाचता येत होता की नाही कोण जाणे. मग माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला हायेस," तो म्हणाला आणि भंगारवाल्याला रुंद चार टायर काढायला सांगितले.

पुढचं काम पंधरा दिवस चाललं. एवढा रुंद टायर जुन्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी तबकडीवर, बसेना. तिथल्याच वेल्डरकडून डिस्का मधून कापून, पट्टी घालून रुंद करून घेतल्या. चाकं अंगाबाहेर आली. वळताना पुढची दोन मडगार्डला घासायला लागली, तेव्हा मडगार्डची कड कापली. स्टिअरिंग जड झालं. चढावर पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये जाणारी जीप पहिला गिअर मागू लागली. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, त्यामुळे मीटर कमी दाखवू लागला. त्याच रस्त्याने ताईचं गाव एकाएकी जवळ आल्यासारखं झालं.

चिखलात मात्र मी बरोबर ठरलो. जिथे पूर्वी सवाऱ्या उतरून ढकलायच्या तिथून जीप अलगद जायची. दादाने दोन-तीनदा मला सांगितलं, "तुहा कागद खरा निघाला." सुरुवातीच्या पाण्यात तो नालाही चार-पाच वेळा पार करून आला. दर वेळी गाडीत पंधरा माणसं, मागे लटकलेली दोन-तीन धरून. त्याहून कमी माणसं घेऊन त्या रस्त्यावर जीप कधी सुटतच नसे. भरल्याशिवाय दादा निघत नसे आणि वाटेत हात केलेल्याला तो कधी नाही म्हणाला नाही.

एकाच माणसाला ती चाकं आवडली नाहीत. गावच्या तळ्यावर आणि नाल्यावर मासे धरणारे एक वयस्कर ढिवर होते. आम्ही त्यांनाही भाऊ म्हणत असू. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून, तिच्यावर बसून ते तळ्यात जाळं टाकत. तिकडचे बरेच जण तसं करतात. फाटक्या ट्यूब मिळतील का विचारायला ते पंक्चरवाल्याकडे आले होते आणि तिथे आमची जीप उभी होती. त्यांनी चाकाला हाताने थापटून पाहिलं.

"ह्या चाकात ट्यूब केवढी हाये गा?"

दादाने हातानेच दाखवली.

"मंग हे तरंगन," ते म्हणाले. "म्या बसतो थ्या ट्यूबीवर म्हैस बसवली तरी बुडत नाई."

"भाऊ, पंधरा मानसं बसल्यावर काय तरंगते?" दादा हसून म्हणाला.

"थे बी खरं," ते म्हणाले आणि एक फाटकी ट्यूब खांद्यात अडकवून निघून गेले.

मी तिथेच उभा होतो. ज्या पुस्तकातून मी दाबाचा धडा शिकवत होतो त्यात पुढचाच धडा प्लावक बलाचा होता, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं त्याचा. तो मी दर वर्षी शिकवत होतो. त्या दिवशी तो मला आठवला नाही.

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही निघालो. तीन दिवस उघाड होती. नाल्याच्या अलीकडच्या काठावर माणसं थांबली होतीच. ती नेहमीप्रमाणे चढली आणि गाडी भरली. दादा आधी बांबू घेऊन पायी पार गेला. तो दर वेळी तसं करायचा. पाणी मांडीपर्यंत होतं, तळाला रेती आणि बारीक दगड. परत येऊन त्याने पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पंखा पाणी इंजिनवर उडवतो. भरल्या गाडीने आम्ही सहज पार झालो. सवाऱ्यांनी दादाला शाबासकी दिली आणि तो मला म्हणाला, "पाह्यलं का."

ताईला घेऊन दहाच्या सुमाराला आम्ही परत नाल्याच्या पलीकडच्या काठावर आलो. सोबत तिची सासू होती, हात अजून गळ्यात बांधलेला. आरमोरीकडे जाणारी सात-आठ माणसं काठावर बसली होती. गाडी दिसताच ती उठली.

"आज कोनी नाई," दादा म्हणाला.

कोणाला कळलंच नाही. तो असं कधी बोललाच नव्हता.

"ताईले नेऊन राह्यलो. गर्दीत तिले दाबल्यासारखं होईन. मंग येतो, दुसऱ्या फेरीत नेतो सगळ्याइले."

माणसं मागे सरली. ताईची अवस्था दिसत होती, त्यामुळे कोणी भांडलं नाही. पण डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई ऐकू जाईल असं म्हणाली, "आता मोठी चाकं झाली न् भाऊले. रिकामी गाडी फिरवते, सायबावानी."

दादाने पंख्याचा पट्टा पुन्हा काढला, मागच्या बाकावर गोधडी अंथरली, ताईला बसवलं, तिच्याजवळ सासू. मी पुढे. एवढी मोकळी जीप मी प्रथमच पाहत होतो. त्या क्षणी ते मला फार योग्य वाटलं होतं.

नाल्याच्या मध्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग इंजिनचा आवाज बदलला. चाकं फिरत होती आणि गाडी पुढे जात नव्हती. मागची बाजू हलकी होऊन हळूच, एखादं दार लोटावं तशी, प्रवाहाच्या दिशेने सरकली. रुतण्याचा हादरा नाही, दगडाची ठोकर नाही. खाली काहीच लागत नव्हतं. दादाने स्टिअरिंग फिरवलं तरी काही बदललं नाही. खालच्या अंगाला, वीस-पंचवीस हातांवर, रपट्याचा वाहून आलेला तुकडा आडवा पडला होता. त्यावर पाणी फुटत होतं.

ताईने मागून माझा खांदा धरला. मी वळून पाहिलं तर तिची नजर पाण्यावर नव्हती, ती मागे राहिलेल्या पलीकडच्या काठाकडे पाहत होती. ज्या ठिकाणी तीन वर्षांपूर्वी बंडी थांबली होती, तिकडे.

मला काय करावं ते सुचलं नाही. दादालाही सुचलं नसावं, कारण तो फक्त तेच तेच करत होता. मग काठावरून ओरडण्याचा आवाज आला. ते म्हातारे ढिवर आपल्या माणसांबरोबर खालच्या अंगाला जाळं लावून बसले होते.

"वजन द्या रे गाडीले! बसा! बसा तिच्यावर!"

ते आणि त्यांच्यासोबतचे पाच जण एकमेकांचे हात धरून पाण्यात शिरले. दोघे बॉनेटवर चढले, दोघे मडगार्डवर, दोघे मागच्या हुकाला लोंबकळले. गाडी थोडी बसली, पण सरकायची थांबेना. तेव्हा काठावरची माणसंही उतरली. तीही हात धरून आली आणि मागून आत चढली, ओल्या कपड्यांनी, चपला हातात घेऊन. टोपलीवाली बाई शेवटी चढली. तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवली.

"आता तं बसू देसान ना भाऊ?" ती म्हणाली.

"बस माय," दादा म्हणाला. "बस."

ती बसली आणि चाकांना जमीन लागली. ते मला पायाखाली कळलं. जीप गुरगुरत, रेती उडवत, तिरकी का होईना पुढे सरली आणि अलीकडच्या उतारावर चढली. म्हातारे भाऊ बॉनेटवरून उतरले. त्यांनी चाकाला पुन्हा एकदा थापटलं.

ताईच्या सासूला धाप लागली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "असे टायर कोनं सुचवले गा तुमाले?"

"मीच आनले," दादा पंख्याचा पट्टा चढवत म्हणाला. "हौस होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी टोपली धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात ताईला मुलगी झाली. ती मोठ्याने रडली. त्याच आठवड्यात दादा एकटा बल्लारपूरला जाऊन ते अरुंद टायर घेऊन आला आणि त्याने ते दुसऱ्या, न कापलेल्या डिस्कांवर चढवले. जीप अखेरपर्यंत त्यांवरच चालली. रुंद टायरांमधल्या चारही ट्यूब त्याने म्हाताऱ्या भाऊंना नेऊन दिल्या. टायर तेवढे घरामागच्या छपरीत राहिले. मी एकदा, बऱ्याच वर्षांनी, विषय काढला होता. "दादा, ते रुंद टायर," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "उन्हानं चिरले असतीन," आणि चहा मागवला. लोकांत ती गोष्ट त्याच्या नावावर पक्की होत गेली आणि दर वेळी तो ती मान डोलावून ऐकून घ्यायचा.

तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भाची, ताईची तीच मुलगी, छपरीत झाडू मारत होती. आता ती स्वतः शिक्षिका आहे. टायर सरकवायला मी तिला हातभार लावला. तेव्हा तिला सांगितलं की ही चाकं तुझ्या मोठ्या मामाने नाही, मी निवडली होती. कागदाचं, उंटाचं, सगळं सांगितलं. पुढचा धडा विसरलो होतो तेही.

तिने झाडू थांबवला. "चाकाइचं मले माहीतच नाई, मामा," ती म्हणाली. "मांडवात सांगून राह्यले थे आजच आयकलं."

"मोठ्या मामाने कधी सांगितलं नाही? नाल्याचं?"

"नाल्याचं सांगे ना. लई डाव सांगे. म्हने, तुह्या आईले आनलं त्या दिवशी गाडीत सतरा मानसं होती, अठरावी तू. येवढी भरलेली गाडी म्या कधीच नाई चालवली, म्हने."

ती पुन्हा झाडायला लागली. मी टायरवर बसून मनाशी मोजलं. आम्ही चौघं, ढिवर सहा, आणि काठावरून आलेली सात. बरोबर होतं.